'गृहीतक कुठाय?' असं विचारलं तर गुणात्मक संशोधन करणाऱ्याने काय सांगायचं? (संदर्भ : यावल-रावेरची केळी)

मृगबाग (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी समाजशास्त्रात पीएचडी करतेय. घर जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, घरची केळी. माझा विषय हरण्या रोग, म्हणजे पेपरात ज्याला सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) म्हणतात तो. बाहेरच्यांसाठी थोडक्यात : मावा किडीमुळे पसरणारा विषाणू. कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे उठतात, पुढे पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) सडतो. झाडाला एकदा लागला की औषध नाही. म्हणून सल्ला एकच, झाड दिसताक्षणी कंदासकट उपटा, बागेबाहेर नेऊन नष्ट करा, आणि बागेला लागून काकडी-भोपळा-टोमॅटो लावू नका.

तरीही बरेच जण वेळेवर उपटत नाहीत. का?

याच्या सर्वेक्षणाचे फॉर्म आमच्या ओट्यावर बसूनही भरले गेलेत. "रोगट झाडे उपटावीत याची माहिती आहे का?" होय. "आपण उपटली का?" नाही. आणि खाली निष्कर्ष ठरलेला : शेतकऱ्यांच्या प्रबोधनाची गरज. अहो, पहिल्या प्रश्नाला 'होय' म्हणणाऱ्या माणसाला आणखी काय शिकवणार?

म्हणून मी फॉर्म न घेता लांब मुलाखती घेतल्या. बांधावर, ठिबकचे पाइप गुंडाळता गुंडाळता, रात्री अंगणात खाटेवर. एका काकांचं वाक्य जसंच्या तसं देते : "झाड उपटून बांधावर टाकलं का गावभर झालं. व्यापारी भाव पाडतो तो वेगळाच. पन शेजारचा म्हनतो, हा माझ्या बागाकडे बोट दाखवून राह्यला." हे सांगताना समोरच्या झाडाचं पट्टे पडलेलं पान त्यांनी हाताने दुमडून आत सारलं. मी विचारलं नाही, तेही काही बोलले नाहीत.

उपटणं ही आमच्याकडे नुसती शेतीची क्रिया नाही, ती शेजाऱ्याला, व्यापाऱ्याला आणि पंचनाम्याला येणाऱ्या माणसाला उद्देशून केलेलं विधान आहे, असं मला दिसतंय. माझी पद्धत इंटरप्रिटिव्हिस्ट, म्हणजे अन्वयार्थवादी. माणूस स्वतःच्या कृतीला काय अर्थ देतो ते समजून घेणारी.

प्रगती अहवालाच्या प्रेझेंटेशनला समितीने विचारलं : गृहीतक (म्हणजे आधी मांडून मग तपासायचं विधान) कुठाय? नमुना एवढासाच? दुसऱ्याने मुलाखती घेतल्या तर हेच निघेल का? आणि तुम्ही स्वतः केळीवाल्यांच्या घरच्या, मग वस्तुनिष्ठता कसली?

उत्तरं दिली, पण समितीचं समाधान झालेलं दिसलं नाही. पुढच्या वेळी काय आणि कसं मांडू?

वांग्याचं_भरीत

विषय जबरी. कळण्याची भाकरी घेऊन बसलोय. चालू द्या.

आकडेमोड

ताई, कळकळीने लिहिताय, पण समितीचं म्हणणं मला रास्त वाटतं. मी धुळ्यात संख्याशास्त्र शिकवतो.

शेजाऱ्याच्या रागाची भीती ही तुमच्या मते कारण आहे ना? मग ते तपासता येतं. ज्यांचा बाग भावकीच्या बागेला लागून आहे ते उशिरा उपटतात आणि ज्यांच्या बाजूला कापूस आहे ते लवकर, असं निघायला हवं. निघालं तर मी पहिला टाळ्या वाजवीन. नुसतं "मला असं दिसलं" याला संशोधन कसं म्हणायचं? उद्या दुसरी बाई त्याच गावात जाईल आणि म्हणेल, मला तर आळस दिसला.

अमळनेरचा_मास्तर

लांब लिहितो, मंडळींनी सांभाळून घ्यावं. निवृत्त झालोय, त्यामुळे वेळ भरपूर आहे. शिवाय आमच्या अमळनेरात १९१६ पासून तत्त्वज्ञानाचं केंद्र आहे, तेव्हा ज्ञान म्हणजे काय यावर भांडायचा हक्क आम्हाला गावकीनेच दिलेला आहे.

हा वाद सव्वाशे वर्षांहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच विचारवंत कॉम्तने मांडलं की समाजाचाही अभ्यास निसर्गविज्ञानासारखा व्हावा. निरीक्षण करा, नियम शोधा. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने त्याच दिशेने जाऊन १८९७ साली आत्महत्यांचे आकडे घेतले. आत्महत्येसारखी अगदी खाजगी गोष्टसुद्धा सामाजिक बांधणीवर अवलंबून असते हे त्याने दाखवलं. काम मोठंच होतं, ते कोणी नाकारत नाही.

जर्मनीत तत्त्वज्ञ डिल्थाय म्हणाला, निसर्गाचं आपण स्पष्टीकरण देतो, पण माणसाचं मन आपल्याला समजून घ्यावं लागतं. मॅक्स वेबरने समाजशास्त्राचा पायाच त्यावर ठेवला. त्याच्या मते समाजशास्त्राचा विषय म्हणजे अर्थपूर्ण कृती, जी करताना माणूस दुसऱ्यांचा विचार करतो. मृगबागताईंचे काका झाड उपटताना शेजाऱ्याचा विचार करतात. वेबरने केळीचा बाग पाहिला असण्याची शक्यता कमीच, पण उदाहरण त्याच्या व्याख्येत चपखल बसतं.

पुढे १९७३ मध्ये मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झने तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइलचं एक उदाहरण घेतलं. दोन पोरांच्या पापण्या लवतात. एकाची नुसती फडफडते, दुसरा मित्राला डोळा मारतोय. कॅमेऱ्याला दोन्ही सारखंच. फरक कळायला त्या पोरांमधला संकेत माहीत हवा. वर्णनात हा संकेतही यायला हवा, याला तो सघन वर्णन म्हणतो.

आता ताईंचा फॉर्म बघा. 'उपटलं नाही' या एकाच खुणेत आळस आहे, मजुराची टंचाई आहे, पंचनाम्याची वाट आहे आणि शेजाऱ्याची मर्जीही आहे. फॉर्म हा इथे कॅमेरा झाला.

आकडेमोड

मास्तर, मांडणी छान. पण तुम्ही वेबरचा अर्धा भाग सांगितलात. समजून घ्यायचं आणि त्यातून कृतीच्या ओघाचं व परिणामांचं कार्यकारण स्पष्टीकरण द्यायचं, अशी त्याची व्याख्या आहे. अर्थ पटणारा हवाच, पण तसं प्रत्यक्षात घडतं का तेही बघा, असं तोच सांगतो. म्हणजे वेबर माझ्याही बाजूला बसतो.

अमळनेरचा_मास्तर

बरोबर आहे. हे मी लिहायला हवं होतं आणि तुम्ही लिहिलंत ते उत्तम झालं. वेबरला तुमच्या माझ्यात वाटून घ्यायला माझी हरकत नाही. पण क्रम बघा. काय मोजायचं हे अर्थ कळल्याशिवाय ठरत नाही. भावकीचा बाग लागून आहे का, हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला तो ताईंनी त्या काकांचं बोलणं ऐकलं म्हणून.

कानबाईचा_रोट

तुना मुद्दा माले पटना, मास्तर! (म्हणजे तुमचा मुद्दा मला पटला.)

आमच्या घरातलं उदाहरण देते. श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, घरी बसते. घरखर्चाची पाहणी करणारा मुलगा आला होता, त्याने 'सण-समारंभ : गहू, नारळ, फुले' असं लिहून रक्कम टाकली. रक्कम बरोबरच होती. पण रोटाचा प्रसाद भाऊबंदकीतच खातात, आणि त्या वर्षी आमच्या दोन चुलत्यांनी आपापले रोट वेगळे केले होते. घर फुटलं ते आम्हाला त्या दिवशी कळलं, सातबाऱ्यावर नावं वेगळी व्हायला पुढे कितीतरी वर्षं गेली. पाहणीच्या तक्त्यात काय दिसलं असेल? गव्हाचा खर्च थोडा वाढला.

वांग्याचं_भरीत

रोटावरून आठवलं, यंदा कानबाईला कोण कोण गावी येतंय? पुण्याहून गाडी करायची का?

कानबाईचा_रोट

भाऊ, वेगळा धागा काढा, इथे ताईची पीएचडी आहे. (दोन सीट माझ्या धरा.)

सातपुडा_पायथा

मी धडगाव तालुक्यातला, पावरा आदिवासी. शिकायला नंदुरबारला होतो, आता नोकरी करतो. सगळं वाचलं. एक प्रश्न विचारतो, राग मानू नका.

बागेत झाड उपटतं कोण? बागायतदार की मजूर? आमच्याकडची माणसं चोपडा-यावल-रावेरला केळीवर जातात. कुदळ त्यांच्या हातात असते. मावा लागलेलं झाड सगळ्यात आधी तेच बघतात, कारण रोज पानाखाली वाकणारे तेच. ते मालकाला सांगतात का? सांगितलं तर त्या दिवशी कापणीचं काम बंद पडून उपटायचं काम लागेल का, रोज (मजुरी) तोच राहील का, याचा विचार तेही करत असतील. अर्थ फक्त जमीनवाल्याच्या कृतीला असतो का?

गुणात्मक संशोधन करणारे 'लोकांचा आवाज' म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा तो ओट्यावर खुर्चीत बसलेल्याचा आवाज असतो. मुलाखतीला चहा येतो तो ओट्यावर. कपबश्या विसळणाऱ्याला कोण विचारतं?

मृगबाग

दादा, राग कसला. हा या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे.

मजूर माझ्या आराखड्यात आहेत. तीच मुलाखत सर्वात कठीण जातेय. मी ज्यांच्या घरची आहे ते लक्षात घेता बागेत बसून मजूर माझ्याशी मोकळं बोलणार नाही. सालदाराला विचारलं तर तो आधी मालकाकडे बघतो, मग म्हणतो, "शेठला विचारा." हे उत्तर मी टिपणात तसंच ठेवलंय, तो कुणाकडे बघून बोलला त्यासकट. माझ्या पद्धतीत ते उत्तर वाया जात नाही, पण तेवढ्यावर भागतही नाही.

तुम्ही सांगाल का, कुठे आणि कसं बोलायला हवं?

सातपुडा_पायथा

बागेत नको. घरी जा, म्हणजे पाड्यावर. होळीला माणसं गावी परततात. पण सणाच्या दिवशी वही काढू नका. आधी ओळखीच्या कुणाबरोबर जाऊन बसा, दुसऱ्या खेपेला बोला. मराठीत विचाराल तर मराठीत दोन वाक्यं मिळतील. पावरीत बोलणारी मुलगी सोबत घ्या, आणि तिला 'दुभाषी' म्हणून कोपऱ्यात बसवू नका. तिचं नाव आणि तिने लावलेला अर्थ प्रबंधात आला पाहिजे.

आणि मालकांची नावं त्यांच्या तोंडून निघाली तर पुसून टाका. गाव लहान असतं. 'यावल तालुक्यातील एक बागायतदार, पिलबाग (खोडव्याचा बाग), विहिरीजवळ' एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो. पुढच्या हंगामात त्या मजुराला काम मिळणार नाही.

परिचारिका_नवापूर

यांचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी लिहून ठेवा.

मी नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) काम केलंय. तपासणीला लोक येतात, रक्त देतात, आणि रिपोर्ट न्यायला येत नाहीत. आमच्या नोंदीत 'पाठपुरावा अपूर्ण'. एका आईने मला चुलीपाशी बसवून सांगितलं, कागद घरात आला की मुलीचं लग्न त्या कागदाला विचारून ठरेल. तिला आजार माहीत होता. ती कागदाला घाबरत होती. हे कळल्यावर आम्ही रिपोर्ट देताना बोलायची पद्धत बदलली. आधी घरातल्या बायकांशी, दार लोटून.

पण हेही सांगते की त्या आईचं बोलणं मी सगळीकडे लागू पडतं असं धरलं असतं तर फसले असते. पुढच्या पाड्यावर कारण साधं होतं, दवाखाना लांब आणि गाडी एकच.

आकडेमोड

सिस्टर, नेमकं हेच माझं दुखणं. एका घरातलं कारण दुसऱ्या पाड्यावर नाही. मग तुमच्या निष्कर्षाची लांबी-रुंदी किती?

टिपणवही

मुंबईत एका संशोधन संस्थेत काम करते, माहेर भुसावळ. समितीच्या प्रश्नांना एकेक करून हात घालते.

आकडेमोड सरांचा प्रश्न, सामान्यीकरण. लिंकन आणि गुबा यांनी १९८५ मध्ये गुणात्मक संशोधनासाठी वेगळे निकष सुचवले : विश्वासार्हता, संक्रमणीयता, अवलंबनीयता आणि पुष्टियोग्यता. संक्रमणीयता म्हणजे निष्कर्ष सगळीकडे लागू आहे असा दावा संशोधकाने करायचा नाही. गाव, हंगाम, भावकी, व्यापाऱ्याची पद्धत, मजुरी कशी ठरते, एवढं तपशिलात लिहायचं की सोलापूरचा वाचक म्हणेल, आमच्याकडे हे जमतं आणि हे जमत नाही. मृगबागेतल्या (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या) लागवडीबद्दल लिहिलंय की कांदेबागेतल्या (पावसाळ्यानंतरच्या), इथपासून वाचकाला कळलं पाहिजे.

दुसऱ्याने केलं तर हेच निघेल का? बहुतेक नाही, अगदी हेच नाही. पण दुसऱ्याला तुमचा माग काढता आला पाहिजे. कोणती मुलाखत, त्यातलं कोणतं वाक्य, त्यावर तुम्ही लावलेला अर्थ, आणि तो अर्थ नंतर बदलला असेल तर का. ही वही समितीसमोर ठेवता आली तर अर्धी लढाई जिंकलात. अर्थ अनेक लागतात म्हणून कोणताही चालतो असं होत नाही. 'आळस' म्हणणाऱ्या बाईला दुमडलेल्या पानाचा हिशेब द्यावा लागेल. आळशी माणूस पान कशाला लपवील?

नमुना. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांचा २००६ चा निबंध लोक सर्रास पुढे करतात, बारा मुलाखतींत नवं येणं जवळपास थांबलं म्हणून. कृपया तो ढालीसारखा वापरू नका. तिथे बऱ्यापैकी सारख्या गटाला ठरावीक प्रश्न विचारले होते. तुमच्याकडे बागायतदार, मजूर, व्यापारी, कृषी सहायक अशी चार जगं आहेत. संख्या सांगण्यापेक्षा कोणाला का निवडलं ते सांगा. आणि वेळेवर उपटणारा माणूस मुद्दाम शोधा. तुमच्या म्हणण्याच्या उलट वागणारा. त्याने शेजाऱ्याशी काय केलं?

मृगबाग

टिपणवहीताई, असा माणूस आहे! त्याने आधी शेजाऱ्याच्या घरी जाऊन सांगितलं, "तुमच्या बागातून आलं असं नाही, माझीच रोपं तशी निघाली." मग दुसऱ्या दिवशी उपटली. रोपवाटिकेतून आणलेल्या टिश्यू कल्चरच्या रोपांवर खापर फोडून त्याने शेजाऱ्याला आधीच मोकळं केलं. रोपवाटिकेचा खरंच दोष होता का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पुढे त्याने नांग्याही भरल्या, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपं लावली.

हे उदाहरण मला अपवाद वाटत होतं म्हणून बाजूला ठेवलं होतं. आता वाटतंय की माझा मुद्दा यानेच उघडा होतो. बोट दाखवल्याचा अर्थ निघणार हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने तो अर्थ आधीच मोडला.

आकडेमोड

हे मात्र पटलं. आता तुम्ही मला पान लपवणारा आणि शेजाऱ्याकडे आधी जाणारा, दोघांचं वागणं एकाच सूत्राने समजावून सांगितलंत. माझा विद्यार्थी असता तर म्हटलं असतं, यावर आता प्रश्नावली काढ. सूत्र किती घरांत चालतं हे मला अजूनही हवंच आहे, त्यावर मी मागे हटणार नाही. पण ते काम तुमच्या प्रबंधाने करावं हा हट्ट सोडतो.

जुना_वाचक

एक शंका. काकांना तुमचा निष्कर्ष वाचून दाखवला आणि ते म्हणाले "असं काही नाही ताई, मजूर मिळत नाही म्हणून राहिलं", तर? कोणाचं खरं?

अमळनेरचा_मास्तर

उत्तम प्रश्न. समाजशास्त्रज्ञ आल्फ्रेड शुट्झचं म्हणणं असं की, माणसं स्वतःच्या जगण्याचा अर्थ आधीच लावून बसलेली असतात, संशोधक त्या अर्थांवर दुसरा मजला चढवतो. पण तो असा हवा की खालच्या मजल्यावरच्याला 'हो, हे आमचंच घर' असं ओळखता यावं. काका नाही म्हणाले तर तो नकार प्रबंधात छापा. काका हे कोणासमोर म्हणाले, शेजारी तिथे होता का, तेही छापा. तुमचा अर्थ सोडायचा की धरायचा हे त्यानंतर, कारणासकट. मी मात्र सहज सोडणार नाही. आपल्या वागण्याचं कारण माणसाला दरवेळी सांगावंसं वाटतंच असं नाही.

सातपुडा_पायथा

आणि काकांना अडाणी समजून त्यांच्या वरचढ अर्थही लावू नका. मजूर खरंच मिळत नसेल.

टिपणवही

+१. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

राहिला वस्तुनिष्ठतेचा प्रश्न. मृगबाग, यावर बचाव करू नका. इरावती कर्वे पंढरीच्या वारीला दिंडीबरोबर चालल्या आणि त्यावर लिहिलं. त्यात त्या स्वतः आहेत. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळी जेवायला वेगळी बसतात याची टोचणीही त्यांनी लिहिली आहे. ती टोचणी काढली तर निरीक्षणच जातं. तुम्ही बागायतदाराच्या घरच्या आहात म्हणून काका तुमच्यासमोर पान लपवतात. परक्या सर्वेक्षकासमोर लपवायची गरजच नव्हती, त्याला पट्टे कळले नसते. तुमच्या असण्याने काय दिसलं आणि काय झाकलं गेलं, दोन्ही एका प्रकरणात लिहा. झाकलं गेलं त्यात मजूर पहिले.

मृगबाग

सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी बसून प्रेझेंटेशनचा क्रम बदलला. आता सुरुवात त्या फॉर्मच्या दोन प्रश्नांपासून. माहिती 'होय', उपटली 'नाही'. समितीला आधी हे कोडं दाखवते. मग सांगते की गृहीतक घेऊन गेले असते तर मी 'प्रबोधन' हेच गृहीतक घेऊन गेले असते, कारण तेव्हा तेवढंच माहीत होतं. त्यानंतर पान लपवणारे काका, शेजाऱ्याकडे आधी जाणारा भाऊ, आणि 'शेठला विचारा' म्हणणारा सालदार.

मजुरांच्या मुलाखतींसाठी मुदतवाढ मागणार आहे. गाईडना मेल केलाय.

एकच शेवटचं विचारते : मुलाखतींची भाषा. लेवा बोलीतलं, पावरीतलं बोलणं प्रबंधात प्रमाण मराठीत करून टाकायला सांगतात. काय करू?

कानबाईचा_रोट

अजिबात करू नको बाई. "बोट दाखवून राह्यला" याचं "माझ्यावर आरोप करत आहे" केलंस की काका कोर्टात उभे राहिल्यासारखे दिसतात.

सातपुडा_पायथा

मूळ बोली वर, मराठी खाली. पावरीसाठी देवनागरीत कसं लिहायचं ते ठरवायला मी मदत करतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, पाड्यावर कोणाला भेटायचं तेही त्यात लिहिलंय.